मेंदूकडून मेंदूकडे



भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली कार्यान्वित झाली. तिच्या उभारणीच्या काळात सोव्हिएत तज्ज्ञ आणि भारतीय अभियंते यांचे बोलणे दुभाष्यांच्या मुखातून होत असे. भाषेचा हा वळसा टाळून एका मेंदूतील आशय थेट दुसऱ्या मेंदूत पोहोचवता येईल काय, हा प्रश्न आता कल्पित कथांपुरता राहिलेला नाही.

मार्च २०१४ मध्ये कार्ल्स ग्राउ, जुलिओ रुफिनी, आल्वारो पास्कुआल-लिओनी आणि त्यांचे सहकारी यांनी कवटीला छेद न देता असा प्रयोग केला. संदेश धाडणारी व्यक्ती तिरुवनंतपुरमला होती आणि तो घेणारी सुमारे पाच हजार मैलांवर, फ्रान्समधील स्ट्रासबुर्गला. प्रेषकाच्या मस्तकावर मेंदूतील विद्युत्‌लहरी टिपणारी टोपी होती. त्याने हात हलविण्याची नुसती कल्पना केली की संगणक ‘१’ हा अंक नोंदवी. पाय हलविण्याची कल्पना केली की ‘०’. हे अंक इंटरनेटवरून स्ट्रासबुर्गला जात. तेथे ग्राहकाच्या मस्तकाच्या मागील भागावर चुंबकीय स्पंद सोडले जात. त्याचे डोळे झाकलेले असत. तरीही प्रकाशाची चमक भासली तर ‘१’, न भासली तर ‘०’, असे तो सांगे.

‘ओला’ आणि ‘चाओ’ हे अभिवादनाचे दोन शब्द अशा रीतीने पोहोचले. रोमन लिपीतील प्रत्येक अक्षराला पाच अंक, म्हणजे चार अक्षरांच्या शब्दाला वीस. चुका निस्तरता याव्यात म्हणून ते सात वेळा धाडले गेले. हे १४० अंक नोंदविण्यास सत्तर मिनिटे लागली.

येथे प्रवास झाला तो अंकांचा. त्यांचा अर्थ संकेताने आधीच ठरलेला होता. दुभाष्याचे स्थान संगणकाने घेतले, एवढेच.

परंतु एक भेद गंभीर आहे. प्रेषकाने कल्पना करण्याचे नाकारले असते, तर संदेश निघालाच नसता. ग्राहकाला मात्र, एकदा यंत्र लावल्यावर, असा आडोसा नाही. नको असलेल्या दृश्यापुढे मनुष्य डोळे मिटतो. चुंबकीय स्पंदापुढे पापणी निरुपयोगी ठरते. चिली या देशाने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूची क्रिया व तिच्यातून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले, ते यासाठीच महत्त्वाचे. यंत्राचा वेग वाढण्याची वाट न पाहता, मन मिटून ठेवण्याचा हक्क इतर देशांनीही मान्य केला पाहिजे.