मिठाला साखरेची सोबत

उन्हाळ्यात नांदेड-लातूरकडे टँकर सुरू झाले, की जुलाबाची साथ डोकावते. "पाणी पाजतोय, तरी लेकरू सुकतंय," असे आया मला सांगतात. आतड्यातल्या पेशींच्या पडद्यात एक दार असते. मिठातले सोडियम आणि साखरेतले ग्लुकोज त्यातून जोडीनेच आत शिरतात. पाणी त्यांच्यामागोमाग जाते. जुलाबातही हे दार चालू राहते. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये ही जोडी ओळखली. १९७१ मध्ये डॉ. दिलीप महालनबीस यांनी पश्चिम बंगालमधील बनगावला निर्वासितांचे प्राण जलसंजीवनीने वाचवले. पुडी नसेल, तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा लहान सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. साखर वाढवू नका. ती पाणी उलट आतड्यात ओढते. लेकरू मलूल झाले, तर पाजत पाजतच दवाखाना गाठा.