हलविलेली मंदिरे, बुडालेली गावे

इजिप्तमधील आस्वानहून पहाटे निघून सुमारे २८० किलोमीटर वाळवंट ओलांडले, म्हणजे अबू सिंबेल येते. दुसऱ्या रामसेस राजाने सव्वातीन हजार वर्षांपूर्वी कातळात कोरविलेले हे मंदिर. दाराशी राजाच्याच चार बैठ्या मूर्ती, प्रत्येकी सुमारे २० मीटर उंच. एकीचा वरचा भाग प्राचीन काळीच ढासळला. तो तसाच पायांशी पडलेला आहे. शेजारी राणी नेफरतारीचे लहान मंदिर.

नवल असे की, ही दोन्ही मंदिरे मूळ जागी नाहीत. आस्वानच्या मोठ्या धरणाचे पाणी चढू लागले, तेव्हा युनेस्कोच्या पुढाकाराने १९६४ ते १९६८ या काळात ती कापून, हजारावर शिळा करून, सुमारे ६५ मीटर उंचावर पुन्हा जुळविली. वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व ऑक्टोबरात, सूर्यकिरण गाभाऱ्यापर्यंत पोचतात, तीही योजना सांभाळली.

तिसऱ्या प्रहरी आस्वानला परतून होडीने इसिस देवीचे फिली येथील मंदिर पाहावे. तेही असेच शेजारच्या बेटावर नेलेले. होडीवाले बहुधा नूबियन. त्यांच्या मुलखातील सुमारे ५०,००० माणसे १९६३-६४ साली उत्तरेस कोम ओम्बोच्या परिसरात हलविली गेली. घरे, खजुरीच्या बागा, पूर्वजांच्या कबरी पाण्याखाली गेल्या.

शिळांवर क्रमांक घातले, म्हणून त्या पुन्हा जुळल्या. गाव असे जुळविता येत नाही. म्हणून अबू सिंबेलच्या मूर्ती डोळे भरून पाहिल्यावर क्षणभर पाठमोरे होऊन त्या अथांग जलाशयाकडेही पाहावे. त्यावाचून हे दर्शन पुरे होत नाही.