गाठीचे काठिण्य सांगणारी सोनोग्राफी



स्तनात गाठ हाताला लागली की घरात पहिला शब्द उमटतो ‘कॅन्सर’, आणि दुसरा ‘नंतर पाहू’. पर्युषण होऊ दे, वर्षीतपाचे पारणे होऊ दे, मुलीचे लग्न उरकू दे. वास्तविक बहुतांश गाठी साध्या असतात. परंतु कोणती साधी, हे तपासल्यावाचून कळत नाही.

कर्करोगाची गाठ सभोवतीच्या भागापेक्षा सहसा कठीण असते, म्हणून वैद्य पूर्वापार ती बोटांनी चाचपत आले. हाच स्पर्श यंत्राला देण्याची पद्धत जोनाथन ओफिर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये अमेरिकेत मांडली. तिचे नाव इलॅस्टोग्राफी. सोनोग्राफीचाच प्रोब हलकेच दाबला असता मऊ भाग दबतो, कठीण भाग फारसा दबत नाही, आणि हा भेद पडद्यावर रंगांत दिसतो. (रंगांचा संकेत यंत्रागणिक बदलतो, चित्रावरून घरीच निदान करू नये.) दुसऱ्या पद्धतीत यंत्र स्वतः शरीरात सूक्ष्म लहरी उत्पन्न करते. कठीण भागात त्या अधिक वेगाने धावतात. त्या वेगावरून काठिण्याचा आकडा मिळतो.

जपानमधील संशोधकांनी २००६ मध्ये १११ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांपैकी ५९ जणींच्या गाठी साध्या होत्या. त्यांतील ५३ या तपासणीने अचूक ओळखल्या. कर्करोग ५२ जणींना होता. त्यांतील ४५ ओळखल्या गेल्या. उरलेल्या सात जणींचा विचार मात्र अवश्य करावा. काही कर्करोग मऊच असतात, तर काही साध्या गाठी चुना साचून कठीण होतात. प्रोब जोराने दाबला तरी मऊ भाग कठीण भासतो. म्हणून गाठीचा आकार, तिच्या कडा आणि काठिण्य यांचा एकत्र विचार डॉक्टर करतात. एकाच नयावर विसंबू नये, हे अनेकांताच्या उपासकांना वेगळे सांगणे नलगे. संशय अल्प असेल तेथे मऊपणाची ग्वाही सुईची तपासणी, म्हणजे बायॉप्सी, टाळण्यास साह्य करू शकते. इतर लक्षणे संशयास्पद असतील तर गाठ मऊ दिसली तरी बायॉप्सी करावीच लागते.

या तपासणीत क्ष-किरण नसतात. त्वचेवर जेल लावतात, एवढेच. ती उपवासातही करता येते. त्यासाठी पाणीसुद्धा प्यावे लागत नाही, आणि पारण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही.