एका वर्षाची अट



इंदिरानगर हे नाव आमच्या अख्ख्या नात्यात २०२१ सालापर्यंत कुणी ऐकलेलं नव्हतं. मग राहुल द्रविडची ती जाहिरात आली. ट्रॅफिकमध्ये अडकलेला, बॅटने शेजारच्या गाडीचा आरसा फोडणारा द्रविड, आणि 'इंदिरानगर का गुंडा'. तेव्हापासून पुण्याची मावशी फोनवर विचारते, "काय गं, तुमच्या गुंडाच्या गल्लीत पाऊस आहे का?"

याच द्रविडची दुसरी एक बातमी तुम्हाला आठवत असेल. जानेवारी २०१७. बंगळूर विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट देऊ केली. त्याने आभार मानले आणि नको म्हणून कळवलं. खेळाच्या क्षेत्रात काही संशोधन करून ही पदवी मिळवायचा प्रयत्न करीन, असा त्याचा निरोप होता. आता कसोटीत तेरा हजारांवर धावा केलेल्या माणसाला क्रिकेट कळत नाही असं कोण म्हणेल? पण खेळणं वेगळं आणि खेळावर संशोधन करणं वेगळं. पहिलं आपण केलंय, दुसरं केलेलं नाही, हा हिशेब त्याच्या डोक्यात स्पष्ट होता.

हा हिशेब फार थोड्या लोकांना जमतो. आणि गंमत म्हणजे, जितकी हुशारी जास्त, तितका तो जमणं अवघड.

याच शहरात त्याच्या ८४ वर्षं आधी काय झालं ते सांगते. १९३३ साल. इथून दहा-बारा किलोमीटरवर, म्हणजे ट्रॅफिक धरलं तर तासभरावर, टाटा इन्स्टिट्यूट. आपण आज आयआयएस्सी म्हणतो ती संस्था. सर सी. व्ही. रामन नुकतेच तिचे संचालक झाले होते, पहिले भारतीय संचालक. नोबेल मिळून तीन वर्षं झालेली. मुंबईहून एका मुलीचा अर्ज आला. कमला भागवत. बी.एस्सी.ला मुंबई विद्यापीठात पहिली आलेली. वडील आणि काका दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही याच संस्थेत शिकलेले. वाचणाऱ्या मंडळींसाठी आणखी एक ओळख : दुर्गाबाई भागवतांची ही धाकटी बहीण. आपण त्यांना पुढच्या नावाने ओळखतो, कमला सोहोनी.

अर्ज नामंजूर झाला. गुण कमी पडले म्हणून नाही. मुलगी आहे म्हणून.

कमलाबाई थेट बंगळूरला आल्या. रामन यांच्यासमोर उभ्या राहिल्या, कारण विचारलं आणि हटल्या नाहीत. सत्याग्रहाचेच दिवस होते ते. शेवटी रामन यांनी प्रवेश दिला, पण अटी घालून. पहिलं वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून मान्यता नाही. कामाचा दर्जा संचालकांना पटला तरच ती मिळणार. मार्गदर्शक सांगतील तेव्हा, रात्रीसुद्धा, काम करावं लागेल. आणि तिसरी अट, तिच्या असण्याने प्रयोगशाळेतल्या मुलांचं लक्ष विचलित होता कामा नये.

आमच्या क्षेत्रात याला प्रोबेशन म्हणतात. मी कंपन्यांसाठी माणसं निवडण्याचं काम करते, त्यामुळे हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला.

कमलाबाईंचे मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे होते. त्यांच्या हाताखाली दूध, डाळी, कडधान्यं यांतल्या प्रथिनांवर कमलाबाईंनी काम केलं. वर्षभरात रामन यांचं समाधान झालं. त्यांना नियमित प्रवेश मिळाला, आणि त्यानंतर संस्थेचं दार इतर मुलींनाही उघडलं. १९३६ मध्ये त्या एम.एस्सी. झाल्या, तिथून केंब्रिजला गेल्या. वनस्पतींच्या पेशींमध्ये सायटोक्रोम सी हे द्रव्य असतं, हे त्यांनी तिथे दाखवलं. १९३९ मध्ये जेमतेम ४० पानांच्या प्रबंधावर पीएच.डी.

ही गोष्ट बहुतेक वेळा इथे संपवतात. मुलगी जिंकली, टाळ्या. काही जण त्यापुढे जाऊन म्हणतात, बघा, रामन किती मोठे, चूक कळल्यावर मत बदललं. बदललं, खरं आहे. पुराव्यापुढे हटून बसणारे संचालक त्या काळातही होते आणि आजही आहेत, तेव्हा त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण मला त्या एका वर्षापाशी थांबायचंय.

प्रश्न काय होता? मुलींना संशोधन जमतं का? याचं उत्तर कुणाला माहीत नव्हतं? रामन यांना. प्रकाश एखाद्या द्रवातून जाताना त्यातल्या अगदी थोड्या अंशाचा रंग बदलतो, हे जगात सगळ्यात चांगलं त्यांना माहीत होतं. मुलींबद्दल मात्र त्यांना तेवढंच माहीत होतं, जेवढं त्या काळच्या कुठल्याही गृहस्थाला. म्हणजे अज्ञान रामन यांचं होतं. आणि परीक्षा कुणाची झाली? कमलाबाईंची. माहीत नाही एकाला, प्रोबेशनवर दुसरी.

मला स्वतःला ही गोष्ट मुलाखतींच्या खोलीत सारखी आठवते. पाच वर्षं घरी असलेली, पुन्हा काम मागायला आलेली बाई समोर बसते. तिला नवं तंत्र जमेल का, हे पॅनेलवरच्या कुणालाही माहीत नसतं. ते सरळ "आम्हाला माहीत नाही" असं म्हणत नाहीत. म्हणतात, "सहा महिने कमी पगारावर बघू." कॉलेजचं नाव ओळखीचं नसलं की लातूरच्या, विजापूरच्या मुलांचंही तेच. माहिती नाही आपल्याला, किंमत मोजायची त्यांनी. असं वाक्य पॅनेलवर कुणी बोललं की मी विचारते, यात आपल्याला काय माहीत नाही, आणि ते शोधायचा खर्च कोण करणार? माझी लोकप्रियता त्यामुळे वाढलेली नाही. पण दोन-तीनदा पूर्ण पगाराची ऑफर गेली.

कुणी म्हणेल, मुलींचं शिक्षण हा काही रामन यांचा विषय नव्हता. स्वतःच्या विषयात तरी माणूस सावध असेल. तेही बघू. १९३५ मध्ये, जर्मनी सोडावी लागलेल्या माक्स बॉर्न यांना रामन यांनीच बंगळूरला बोलावलं. त्यांना इथे कायमची जागा मिळावी म्हणून खटपट केली, ती फळली नाही. हे रामन यांचं मोठेपण. पुढे चाळीसच्या दशकात त्यांनी याच बॉर्न यांच्या सिद्धांताशी भांडण मांडलं. वाद असा होता, की हिऱ्यासारख्या स्फटिकातले अणू मोजक्याच ठराविक कंपनसंख्यांनी थरथरतात, की कंपनसंख्यांचा सलग पट्टा असतो? हिऱ्याच्या वर्णपटात ठळक रेषा दिसत होत्या. रामन म्हणाले, झालं, मोजक्याच. ती निरीक्षणं त्यांचे शिष्य आर. एस. कृष्णन यांची होती आणि चोख होती. लावलेला अर्थ चुकला होता. १९४८ मध्ये बॉर्न यांच्याच सिद्धांतावरून गणित करून दाखवलं गेलं, की सलग पट्टा मानला तरी हिऱ्याच्या त्या वर्णपटाचा उलगडा होतो. गणित करणारी होती हेलन स्मिथ. हो, बाईच!

रामन शेवटपर्यंत हटले नाहीत. १९३४ मध्ये त्यांचं मत वर्षभरात बदललं आणि इथे वीस वर्षांतही का बदललं नाही? माझा अंदाज सांगते. पहिल्या वेळी त्यांना खोटं ठरवणारी व्यक्ती त्यांच्याच इमारतीत रोज सकाळी कामाला येत होती. दुसऱ्या वेळी ती एडिंबरोला होती, कागदावर होती, आणि आसपास होते ते सगळे त्यांचेच विद्यार्थी. त्यांच्या दारात ठाण मांडून बसेल असं कुणी उरलेलं नव्हतं.

आणि पहिल्या वेळी बदललेलं मतही किती बदललं? त्यांच्याकडे पुढे ॲना मणींसारख्या मुली आल्या, उत्तम काम करून गेल्या. पण प्रयोगशाळेत मुलंमुली वेगळीच राहावीत, हा कटाक्ष कायम होता. तिसरी अट तेवढी शिल्लक होती म्हणा ना.

कमलाबाई पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. नीरेच्या पोषणमूल्यावरच्या कामासाठी त्यांना राष्ट्रपतींचं पारितोषिक मिळालं. बंगळूरच्या त्या वर्षानंतर साठएक वर्षांनी, महिला शास्त्रज्ञांच्या एका कार्यक्रमात, त्या रामन यांच्याबद्दल बोलल्या. ते थोर शास्त्रज्ञ होते, पण मनाने कोते होते. केवळ बाई म्हणून त्यांनी जसं वागवलं ते विसरता येत नाही, अशा अर्थाचं बोलल्या. वर्षानंतर मिळालेल्या त्या नियमित प्रवेशाला जग विजय म्हणत होतं. त्यांच्या लेखी ती सगळी गोष्ट एक मोठा अपमान होती.