दिलेला होकार



स्वामीवात्सल्याच्या भोजन-व्यवस्थेत मी अनेक वर्षे सेवा करीत आहे, म्हणून एक खंत आपल्यापुढे मांडतो. ‘आम्ही पाचजण येऊ’ असे आपण सहज कळवितो आणि प्रत्यक्षात दोघेच येतो. अन्यत्र उरलेले अन्न दुसऱ्या दिवशी उपयोगी पडते. आपल्याकडे शिजवलेले अन्न रात्र ओलांडताच बासी, म्हणून अभक्ष्य ठरते. उलट, न कळविता आलेल्यांसाठी पुन्हा चूल पेटवावी, तर सूर्यास्त थांबत नाही. चोविहार करणारा साधर्मिक उपाशी परततो. एके वर्षी सायंकाळी भाताची पातेली घेऊन मी वस्तीवस्तीत हिंडलो आहे. घेणारे भेटले, हे भाग्यच. पण त्या रांधण्यात झालेली अप्काय, तेउकाय जीवांची विराधना कोणाच्या नावे लिहावी?

आयंबिलशाळेत आदल्या दिवशी नाव देणारा मात्र क्वचितच चुकतो. तेथे मनाने पच्चक्खाण आधीच घेतलेले असते ना!

अडचण कोणालाही येते, त्याबद्दल रोष नाही. फक्त भाजी चिरण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा. आमचा आचारी तेवढ्यात डाळीचे माप कमी करतो.