आजोबांच्या डोळ्यातलं कडं आणि तुमच्या डोळ्यातलं कडं

मी रामटेकहून बोलतेय. आजचा विषय आहे डोळ्यातलं कडं.

त्रिपुरी पौर्णिमेला गडमंदिरावर गर्दी होते नं, तेव्हा म्हाताऱ्या माणसांचे डोळे जरा नीट बघा. कितीतरी जणांच्या बुबुळाच्या कडेनं पांढरट, निळसर कडं दिसतं. घरी कुणी म्हणतं, "आजीचे डोळे घारे झाले." कुणी म्हणतं, "मोतीबिंदू आला." खरं तर हे दोन्ही नाही.

बुबुळासमोर एक पारदर्शक काच असते, कॉर्निया. तिच्या मध्ये रक्तवाहिन्या नसतात, त्या फक्त कडेला असतात. वय वाढलं की त्यांच्यातून चरबीचे कण झिरपतात आणि कॉर्नियाच्या कडेत साचतात. आधी वर आणि खाली कमानी दिसतात, मग हळूहळू पूर्ण गोल होतो. डॉक्टर याला आर्कस सेनिलिस म्हणतात. आर्कस म्हणजे कमान, सेनिलिस म्हणजे म्हातारपणाची.

मोतीबिंदू आतल्या भिंगात होतो आणि नजर धूसर करतो. हे कडं कडेलाच राहतं, त्यामुळे नजरेला धक्का लागत नाही. ऑपरेशन नको, थेंब नको. साठीनंतर ते खूप जणांना असतं, ऐंशीनंतर तर जवळपास सगळ्यांनाच. पण आजोबांना अंधुक दिसत असेल, तर "ते कडं आहे, चालायचंच" म्हणून सोडू नका. कारण दुसरं असणार, ते तपासून घ्या.

आता तुमच्याबद्दल. हेच कडं चाळिशीच्या आत दिसलं तर अर्थ बदलतो. रक्तात कोलेस्टेरॉल फार जास्त असल्याची ती खूण असू शकते. काही घरांत हा त्रास जन्मापासून येतो. साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला तो असतो. आई किंवा वडिलांना असेल, तर प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. माणूस बारीक असो, जिमला जात असो, तरी असू शकतो. दुखत काहीच नाही. आणि उपचार झाले नाहीत तर तरुणपणीच हार्ट अटॅक येऊ शकतो.

म्हणून एक काम करा. खिडकीजवळ उजेडात उभे राहा, फोनचा कॅमेरा डोळ्याजवळ न्या, फ्लॅश बंद ठेवा. रिंग लाइट नको, त्याचा गोल डोळ्यात चमकतो आणि उगाच घोळ होतो. कडं दिसलं, पापणीजवळ पिवळे डाग असले, किंवा घरात कुणाला कमी वयात हार्ट अटॅक आला असेल, तर लिपिड प्रोफाइल करा. साधी रक्ताची तपासणी आहे. एलडीएल १९० किंवा त्याहून जास्त आलं तर डॉक्टरकडे जा आणि भावंडांचीही तपासणी करून घ्या. अशा वेळी नुसतं तेल-तूप कमी करून सहसा भागत नाही, गोळ्या लागतात.

आणखी एक. कडं एकाच डोळ्यात असेल, तर वय कितीही असो, डॉक्टरांना दाखवा. कधीकधी मानेतल्या रक्तवाहिनीत अडथळा असतो.

आणि डोळ्यात काहीच दिसलं नाही, म्हणून कोलेस्टेरॉल ठीक आहे असं समजू नका. ते रक्ताच्या तपासणीतच कळतं.

हा भाग घरच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या आठवड्यात!