जो इंजिनिअर होणार नाही, त्याच्यासाठी

(शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



धनजच्या या पटांगणात मी शेवटची बोलले ती १९८८ साली, दहावीच्या निरोप समारंभात. तेव्हा आपला जिल्हा अकोला होता. वाशीम वेगळा झाला तो १९९८ मध्ये. त्या दिवशी पाठ केलेलं भाषण मी अर्ध्यात विसरले आणि रडत खाली बसले. म्हणून आज कागद हातात धरून उभी आहे. बाईंनी तेव्हा पाठीवर हात ठेवला होता, त्या आज समोर बसल्या आहेत. बाई, आज विसरणार नाही.

संयोजकांनी सांगितलं, शिक्षिका म्हणून आलेले अनुभव सांगा. मी मराठी आणि इतिहास शिकवला, पण आज बोलणार आहे ते वेगळ्याच विषयावर. तो विषय शिकवण्याची माझ्याकडे कुठलीही पदवी नव्हती. तो विषय म्हणजे तंत्रज्ञान. आणि तेही इंजिनिअर न होणाऱ्या मुलांना शिकवायचं तंत्रज्ञान.

सुरुवात माझ्या घरापासून करते. आपण नववीत होतो. हरभऱ्याला पाणी द्यायचं होतं आणि वीज रात्रीची होती. माझे मोठे काका कंदील घेऊन विहिरीवर गेले. पाय ओले, पायात चप्पल नाही. स्टार्टरच्या लोखंडी पेटीला हात लावला आणि तिथेच गेले. तुमच्यापैकी कित्येक जण तेव्हा आमच्या अंगणात येऊन बसले होते. म्हातारी माणसं म्हणत होती, "वेळ आली होती, कोन काय करीन?" मीही तेच मानलं.

पेटीपासून जमिनीत जाणारी एक तार होती. ती वखरात अडकून तुटली होती. कुणी जोडली नाही, कारण ती तुटल्यावरही मोटर चालूच होती. "बिनकामाची तार आहे" असं घरात सगळेच म्हणायचे. ती अर्थिंगची तार होती. मित्रांनो, ओहमचा नियम मला त्या वर्षी तोंडपाठ होता. सहामाहीत विज्ञानात मला चांगले गुण होते. पण पुस्तकातला तो नियम आणि विहिरीवरची ती तार यांचा काही संबंध आहे, हे मला कळलं नाही. कळायला पुढे सतरा वर्षं लागली.

लग्नानंतर मी पुणे जिल्ह्यात गेले आणि शिरूर तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत नोकरीला लागले. त्याच तालुक्यात पाबळ नावाचं गाव आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली तिथे विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतल्या इलिनॉय विद्यापीठाची डॉक्टरेट आणि हिंदुस्थान लिव्हरमधलं संशोधनाचं काम असा हा माणूस. ते सोडून पत्नी मीराताईंसह अशा एका दुष्काळी गावात येऊन राहिला. पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र. तिथून 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा शाळेतला अभ्यासक्रम उभा राहिला. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस हातांनी काम करायचं. विभाग चार: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह-आरोग्य. मुलं वेल्डिंग करतात, वायरिंग करतात, माती तपासतात, रक्तगट तपासतात. आणि नुसतं शिकण्यासाठी नाही, तर गावाची खरी कामं करून देतात, त्याचा हिशेब ठेवतात.

आमच्या शाळेने हा विषय घेतला तेव्हा समन्वयक कुणी व्हायचं असा प्रश्न आला. विज्ञानाच्या शिक्षकांकडे तास जास्त होते. मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडम, तुमचे तास कमी आहेत, तुम्ही जा." अशी मी २००४ साली पाबळला प्रशिक्षणाला गेले. पर्यायच नव्हता. डॉ. कलबाग आदल्याच वर्षी गेले होते.

तिथे एके दिवशी आम्हाला अर्थिंगचा खड्डा करायला लावला. पाइप, त्याभोवती कोळसा आणि मिठाचे थर, वरून पाणी. शिकवणाऱ्याने सांगितलं, "ही तार मोटर चालवायला नाही, माणूस वाचवायला आहे. पेटीत वीज उतरली तर ती माणसातून न जाता इथून जमिनीत गेली पाहिजे." माझ्या हातातलं घमेलं खाली पडलं. बाकीचे हसले, त्यांना वाटलं बाईमाणसाला जड झालं असेल. मी तिथे कुणाला काही सांगितलं नाही. आज पहिल्यांदाच सांगते आहे.

ही माहिती इंजिनिअरांना असतेच. पण विहिरीवर रात्री कोण जातं? आपल्या वर्गातले दोघे इंजिनिअर झाले, त्यांचा आपल्याला अभिमान आहे. उरलेल्यांनी शेती केली, दुकान टाकलं, कुणी पोलिसात गेलं, कुणी शिक्षिका झाली, कितीतरी जणींनी घर चालवलं. पण यंत्राशी गाठ सगळ्यांचीच पडली.

आता माझ्या चुकीबद्दल सांगते. पहिल्या वर्षी मी मुलांना तयार नकाशे दिले. या मापाचं टेबल करा, ही अशी खुर्ची करा. मुलांनी केलं. प्रदर्शन भरलं, कौतुक झालं, फोटो निघाले. वर्षाच्या शेवटी एका मुलाला विचारलं, "टेबलाची उंची एवढीच का?" तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही सांगितली म्हणून." तेव्हा लक्षात आलं की मी हात चालवायला शिकवलं, विचार करायला नाही. इतिहासाच्या तासाला सनावळ्या पाठ करून घ्यायचे, तसंच इथेही केलं होतं.

दुसऱ्या वर्षी वस्तू सांगायचं सोडलं आणि अडचण सांगायला सुरुवात केली. आमच्या आवारातच जिल्हा परिषदेची प्राथमिक शाळा होती. तिथली पहिली-दुसरीची लेकरं पाणी पिताना निम्मं अंगावर सांडायची, नळाखाली कायम चिखल असायचा. नववीच्या मुलांना म्हटलं, "यावर काहीतरी करा." इतकंच.

पहिल्याच दिवशी त्यांनी लोखंडी पायरी ठरवून टाकली. उत्साहाने वेल्डिंग केलं, रंग दिला. तिसऱ्या दिवशी ओल्या पत्र्यावरून एक पोरगी घसरली. लागलं थोडंसंच, पण आमच्या मुलांचे चेहरे उतरले. मग मी त्यांना खाली बसवलं. विचारलं, "तुम्ही लेकरांना विचारलं होतं का? त्यांना मोजलं होतं का?" नव्हतं. मग टेप घेऊन गेली. चाळीस लेकरांची खांद्यापर्यंतची उंची मोजली, वहीत मांडली. लेकरं कशी पितात, ओंजळीने की तोंड लावून, ते तासभर बसून पाहिलं. त्या वहीकडे बघत मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, लेकराला कशाला वर चढवायचं? नळच खाली घ्या की!"

वर्ग गप्प झाला. ती मुलगी गणितात दोनदा नापास झालेली होती. सरासरी काढली तर निम्म्या लेकरांना नळ उंचच राहील, सगळ्यात बुटक्या लेकराचा हात पोहोचला पाहिजे, हेही तिनेच सांगितलं. पाइपाचा तुकडा, दोन एल्बो, दोन नळ. खर्च पायरीपेक्षा कमी. नळ खाली आला. आठवड्याने नवी अडचण: मोठी मुलं त्या नळावर पाय धुवायला लागली, चिखल पुन्हा. मग खाली शोषखड्डा केला, विटांचे तुकडे, खडी आणि वाळूचा. त्यानंतर मात्र जागा कोरडी राहिली.

इंजिनिअर लोक ज्याला डिझाइन म्हणतात ते माझ्या समजुतीने एवढंच आहे. अडचण कुणाची, ते आधी विचारायचं. मोजायचं. जागा, पैसा, सामान किती आहे ते बघायचं. एकापेक्षा जास्त मार्ग मांडायचे. करून पाहायचं. चुकलं तर लाज न वाटून घेता पुन्हा करायचं. यात इंजिनिअरिंगच्या पदवीची अट कुठेच नाही. सरपंचाला नाली काढताना हेच लागतं, आईला स्वयंपाकघर लावताना हेच लागतं. आणि ज्याने एकदा स्वतः डिझाइन केलं आहे, तो दुसऱ्याने केलेल्या वस्तूकडेही डोळे उघडून बघतो. दुकानदाराने दिलेलं यंत्र नुसतं घेऊन येत नाही, विचारतो: "याला ईएलसीबी आहे का? पट्ट्यावर जाळी का नाही?"

विरोधही झाला. एक पालक म्हणाले, "माझ्या मुलीला वेल्डर करायचंय का मॅडम?" मी म्हटलं, "दादा, मराठी शिकवते म्हणून मुलीला कवयित्री करते का मी?" ते हसले, पण पटलं नव्हतं. पुढे त्या मुलीने घरातला लोंबता बोर्ड स्वतः, मेन स्विच बंद करून, टेस्टरने तपासून, नीट बसवला. त्यानंतर तेच गृहस्थ दर पालकसभेला यायला लागले.

दुसरी गोष्ट शिकवणाऱ्यांची. आमच्याकडे वेल्डिंग शिकवायला गावातलाच कारागीर यायचा, शिक्षण सातवी. मुलं त्याला सर म्हणायची. हाताने काम करणाऱ्याला शाळेत सर म्हणणं हा माझ्या मते या विषयातला सगळ्यात मोठा धडा होता.

ही कल्पना काही नवी नाही. १८८२ साली महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिलं, त्यात प्राथमिक शाळेत शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्य शिकवा अशी मागणी होती. १९३७ साली आपल्या विदर्भातच, वर्ध्याला, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि नई तालीमची मांडणी झाली. आता २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना कारागिरांबरोबर काम करायला मिळावं असं म्हटलं आहे. अटल टिंकरिंग लॅबसाठी २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं. चांगलंच आहे. पण रोबोटचे सुटे भाग कपाटात कुलूपबंद ठेवले आणि तपासणीच्या दिवशी काढले, तर माझ्या पहिल्या वर्षाच्या टेबलासारखंच होईल.

धनजच्या मुलांसमोर अडचणी कमी नाहीत. सोयाबीनच्या मळणीयंत्रात हात जाऊ नये म्हणून काय करता येईल? २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले. आपल्या भागातला फवारणी पंप, नोझल, वाऱ्याची दिशा, डब्यावरचं बारीक अक्षर हा एका वर्गाचा वर्षभराचा अभ्यास होऊ शकतो. समृद्धी महामार्ग कारंज्याजवळून गेला, मोबाइल घरोघरी आला, पण विहिरीवरची पेटी बऱ्याच ठिकाणी तशीच आहे.

आज दुपारी आपली बैठक आहे. जमलेल्या वर्गणीतून शाळेला प्रवेशद्वाराची कमान बांधायचं ठरतंय असं कानावर आलं. कमानीला माझा विरोध नाही. आपल्या नावांची पाटी मलाही आवडेल. पण त्याआधी मागची ती रिकामी खोली बघा, जिथे आपण जुने बाक ठेवायचो. एक व्हाइस, एक वेल्डिंग मशीन, दोन-चार मल्टिमीटर, थोडी हत्यारं, सुरक्षेचे चष्मे आणि हातमोजे. आठवड्यातला एक शनिवार. गावातले वायरमन, सुतार, गवंडी आपलेच वर्गमित्र आहेत. ते इथेच बसले आहेत. त्यांनी यावं, मुलांनी त्यांना सर म्हणावं. मी पुढच्या वर्षी निवृत्त होतेय. महिन्यातले दोन शनिवार मी येईन, हा माझा शब्द.

पहिलं काम मी आत्ताच सुचवते. नववीच्या मुलांनी वह्या घेऊन शिवारात फिरावं आणि गावातल्या प्रत्येक विहिरीवरच्या स्टार्टरची अर्थिंगची तार शाबूत आहे की नाही याची यादी करावी. पेटीला हात लावायचा नाही; फक्त बघायचं, लिहायचं आणि वायरमन सरांना द्यायचं. जिथे तार तुटलेली असेल तिथे घरच्यांना सांगायचं की ही बिनकामाची नाही.

माझ्या काकांच्या विहिरीपासून सुरुवात करा. ती आता चुलतभावाकडे आहे. परवा मी तिथे गेले होते. तार जोडलेली आहे, पण खड्डा पार कोरडा पडलाय. मी दोन बादल्या पाणी ओतून आले.